गाडीचे वंगण

खेड्यापाड्यांतून बैलगाड्यांची रहदारी मोठी होती त्या काळी पुष्कळशा गाड्यांच्या साट्याखाली बांबूचा एक लहानसा नळा टांगलेला दिसे. त्या नळ्यात काळेभोर, घट्ट वंगण असे. कोठे एरंडेल, कोठे करंजेल घेऊन त्यात जळक्या पेंढ्याची काजळी कालवीत आणि हे वंगण घरच्या घरीच तयार करीत. लांबच्या वाटेला लागण्यापूर्वी गाडीवान चाक आसावरून थोडे बाहेर सरकवी, आसाला बोटाने वंगण लावी आणि मगच बैल जुंपी. जो गाडीवान याचा कंटाळा करी, त्याच्या गाडीचे चाक कोसभर अंतरावरून ऐकू येई. आस तापे, चाकाचा तुंबा आतून झिजत जाई. चाक जड चालू लागल्याचे गाडीवानाच्या आधी बैलांच्या खांद्यांना कळे.

आज त्याच रस्त्यांवरून पिकअप गाड्या धावतात. पुढे चालकाची बसण्याची जागा आणि मागे माल भरण्यास उघडा हौदा, अशी या गाडीची घडण असते. भाजीपाला, दूध, फळे, खताची पोती, लग्नाचे वऱ्हाड, असे काहीही तिला वर्ज्य नसते. या गाडीलाही वंगण लागते. परंतु ते आसापेक्षा इंजिनाला अधिक लागते. वंगण कमी पडले तर इंजिन बैलगाडीच्या चाकाप्रमाणे वेळीच कुरकुर करीत नाही. ते बराच काळ मुकाट्याने झिजते आणि एके दिवशी एकाएकी थांबते. म्हणून त्यात कोणते तेल घालावे हे आधीच जाणून घेणे इष्ट असते.

मे महिन्यातील एक रात्र डोळ्यांसमोर आणावी. रत्नागिरीजवळच्या एका बागेत हापूस आंब्याच्या साठ-सत्तर पेट्या पिकअप गाडीत चढविल्या जात आहेत. कोल्हापूरच्या बाजारात सकाळचे सौदे सुरू होण्यापूर्वी गाडी तेथे पोहोचली पाहिजे. वाट सुमारे एकशे तीस किलोमीटरांची आहे. साखरप्यापर्यंत ती वळणावळणांची असली तरी फारशी कठीण नाही. पुढे मात्र आंबा घाट लागतो. समुद्रकाठावरून निघालेली गाडी सव्वा टन भार घेऊन सहाशे मीटरांहून अधिक उंची चढून जाते. घाटात चालकाला खालच्या गिअरमध्ये गाडी चालवावी लागते. वेग थोडा, परंतु इंजिन मात्र जोराने घरघरत असते आणि तापत असते. अशा वेळी ते बंद पडले, तर पेट्यांतील आंबा कोणाची वाट पाहत थांबत नाही. उन्हाळ्याच्या उकाड्यात तो पेटीतच पिकू लागतो. सौदे आटोपतात. आंब्याचा हंगाम उणापुरा दोन महिन्यांचा. त्यात आठ-पंधरा दिवस गाडी दुरुस्तीला पडून राहणे हे बागायतदाराला किती महागात पडते, हे तोच जाणे.

आता या इंजिनाच्या पोटात काय चालते ते पाहू. इंजिनात उभ्या नळकांड्यांसारखे सिलिंडर असतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक दट्ट्या वर-खाली सरकत असतो. मिस्त्री लोक त्याला पिस्टन म्हणतात. डिझेलचा फवारा दाबलेल्या तप्त हवेत पडताच पेट घेतो, वायू प्रसरण पावतात आणि दट्ट्याला खाली लोटतात. दट्ट्याला जोडलेला दांडा खालच्या वेड्यावाकड्या वळणाच्या जाड पोलादी दंडाला फिरवितो. या दंडाला भुजादंड असे नाव आहे. कारखान्यात त्याला क्रँक म्हणतात. विहिरीवरच्या रहाटाची मूठ फिरविताना हात पुढे-मागे होतो आणि रहाट मात्र गरगर फिरतो, तसाच हा प्रकार होय.

इंजिन मिनिटाला दोन हजार चारशे फेरे घेत आहे असे समजू. घाट चढताना ही गोष्ट अगदी साधारण आहे. म्हणजे एका सेकंदात चाळीस फेरे झाले. दट्ट्याची धाव दहा सेंटिमीटर धरली, तर तो सेकंदात चाळीस वेळा वर आणि चाळीस वेळा खाली जाऊन आठ मीटरांचा प्रवास करतो. यात प्रत्येक टोकाला तो क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. असे थांबणे एका सेकंदात ऐंशी वेळा घडते! वर जळणाऱ्या वायूंचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. या साऱ्या गडबडीत दट्ट्या सिलिंडरच्या भिंतीला घासत असतो आणि भुजादंड आपल्या धारव्यांत, म्हणजे बेअरिंगांत, फिरत असतो. धातू धातूवर असाच कोरडा घासला गेला, तर काही मिनिटांतच सारे यंत्र जाम होऊन बसेल.

तसे होत नाही, कारण मध्ये तेल असते. इंजिनाच्या तळाशी तेलाची एक कुंडी असते. तिला मिस्त्री चेंबर म्हणतात. पिकअप गाडीच्या चेंबरात साधारणपणे पाच-सहा लिटर तेल मावते. इंजिन सुरू होताच एक लहान पंप हे तेल वर खेचतो, गाळणीतून गाळतो आणि बारीक वाटांनी प्रत्येक धारव्याकडे दाबाने पाठवितो. काम करून तेल पुन्हा चेंबरात ठिबकते आणि पुन्हा वर जाते.

धारव्यातील तेल नेमके काय करते, हा प्रश्न दीर्घकाळ कोणालाच नीट सुटला नव्हता. तेलाने पृष्ठभाग गुळगुळीत होतो एवढेच लोक समजत. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या डब्यांचे आस तापून पुष्कळ घोटाळे होत. तेव्हा इंग्लंडमधील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने बोशाँ टॉवर या अभियंत्याकडे या प्रश्नाचा शोध सोपविला. टॉवरने एका फिरत्या आसावर भार टाकून धारव्याची परीक्षा चालविली. धारव्याच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी त्याने एक भोक पाडले. परंतु आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उलट बाहेरच येऊ लागले! सांडणारे तेल थांबविण्यासाठी त्याने भोकात बूच बसविले. ते वर उडाले. मग लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू बाहेर लोटली गेली. दुसरा एखादा त्रासून गेला असता. टॉवरने तेथे दाबमापक बसविला. तेव्हा आसावरील भार ज्या सरासरी दाबाने पेलला पाहिजे, त्याहून पुष्कळच अधिक दाब तेलात असल्याचे दिसून आले. हे १८८३ साली त्याने प्रसिद्ध केले.

याचा अर्थ काय? अर्थ असा की, आस धारव्यावर टेकलेलाच नव्हता. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत होता. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढतो आणि स्वतः व धारवा यांच्यामधील निमुळत्या फटीत ते कोंबतो. अरुंद जागेत कोंबलेल्या तेलाचा दाब वाढतो आणि तो दाबच आसाला उचलून धरतो. मँचेस्टर येथील प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ साली यामागील गणित मांडले. आज जगातील प्रत्येक मोटारीचे धारवे त्याच गणिताच्या आधारावर आखले जातात.

हा थर किती जाड असतो? मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. भुजादंडाला उचलून धरणारा तेलाचा थर काही ठिकाणी अवघा दोन-चार मायक्रॉनच भरतो. सव्वा टन आंबा घाट चढतो तो या थरावर!

मात्र दंड फिरत असेल तरच हा थर निर्माण होतो. इंजिन बंद असताना तेल खाली ओघळते आणि धातू धातूवर टेकतो. म्हणून इंजिनाची मोठी झीज धावताना होत नाही. सुरू होतानाच्या त्या पहिल्या काही सेकंदांत होते. दट्ट्या टोकाला थांबतो तेव्हाही थर तुटू पाहतो. अशा वेळी आधार म्हणून तेलात जस्त आणि फॉस्फरस यांचे एक संयुग मिसळलेले असते. ते उष्णतेने धातूवर एक चिवट पापुद्रा धरते आणि धातूऐवजी तो पापुद्रा झिजतो.

एवढे समजल्यावर तेल कसे असावे याचा विचार करता येतो. ते फार पातळ असेल, तर भाराखाली थर फाटेल. फार घट्ट असेल, तर पहाटे इंजिन सुरू करताना ते बारीक वाटांतून वेळेवर वर चढणार नाही आणि सदोदित घट्ट तेल ढवळण्यात इंजिनाची शक्ती व डिझेल दोन्ही वाया जातील. तेलाच्या या घट्टपणाला श्यानता म्हणतात. काकवी हिवाळ्यात भांड्यातून पडता पडत नाही, आणि चुलीवर ठेवली की पाण्यासारखी धावते. तेलाचेही तसेच आहे. पिकअप गाडीत नेहमी वापरले जाणारे तेल चाळीस अंशांवर जेवढे घट्ट असते, त्याच्या सुमारे एक सप्तमांश घट्टपणा शंभर अंशांवर उरतो. आणि इंजिन कामाला लागले की चेंबरातील तेल शंभर अंशांच्या जवळपास तापतेच.

म्हणून तेलाची प्रत ठरविताना तापमान सांगावे लागते. अमेरिकेत १९०५ साली मोटार-अभियंत्यांची एक संस्था स्थापन झाली. तिने १९११ साली तेलांना त्यांच्या घट्टपणावरून क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली. पुढे तिच्यात अनेक सुधारणा झाल्या, आणि आज साऱ्या जगात तीच चालते. डब्यावर जे ३०, ४०, ५० असे आकडे दिसतात, ते शंभर अंशांवरील घट्टपणा सांगतात. आकडा मोठा तितके तेल घट्ट. परंतु ‘४०’ म्हणजे चाळीस अंश किंवा चाळीस टक्के नव्हे; ते केवळ एका पायरीचे नाव आहे.

डब्यावर बहुधा एकच आकडा नसतो. ‘१५डब्ल्यू-४०’ असे काहीसे लिहिलेले असते. यातील डब्ल्यू हे हिवाळा या अर्थाच्या ‘विंटर’ या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा तेल थंडीत कसे वागते ते सांगतो, आणि हा आकडा जितका लहान तितके तेल थंडीत अधिक प्रवाही. १५डब्ल्यू तेलाची परीक्षा शून्याखाली वीस अंशांवर, आणि ५डब्ल्यू तेलाची शून्याखाली तीस अंशांवर घेतात. तेवढ्या थंडीतही इंजिन फिरू शकेल इतपतच ते घट्ट झाले पाहिजे.

थंडीत प्रवाही आणि उष्णतेत पुरेसे घट्ट, असे एकच तेल कसे असू शकेल? निसर्गतः ते नसते. मूळ तेल पातळच घेतात आणि त्यात लांबलचक साखळ्यांसारख्या रेणूंचे एक द्रव्य मिसळतात. थंडीत या साखळ्या गुंडाळून लहान गाठोडी करून बसतात आणि तेलाच्या वाटेत येत नाहीत. तेल तापले की त्या उलगडतात, एकमेकींत अडकतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. तेल पातळ व्हायचे थांबत नाही, परंतु कमी पातळ होते. या साखळ्या दातेरी चाकांच्या चेपाट्यात सापडून हळूहळू तुटतात. तेल जुने झाले की त्याचा कस जातो तो काही अंशी यामुळेच.

रत्नागिरीत वीस अंश तर सोडाच, शून्य अंशही कोणी पाहिलेला नाही. मग तेथे आधीचा आकडा लहान असण्याचे कारण काय? लडाखमधील द्रास येथे हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस अंशांच्याही पलीकडे जातो. तेथील गाडीला हा आकडा पाहावाच लागेल. कोकणात त्याची निकड तेवढी नाही हे खरे. तथापि कोकणातील पहाटेचे तेलही शंभर अंशांच्या मानाने थंडच म्हणावयाचे. ते जितके लवकर वर चढेल, तितकी पहिल्या क्षणांची झीज कमी. आणि कित्येक नव्या इंजिनांचे धारवे व तेलाच्या वाटा पातळ तेल गृहीत धरूनच आखलेल्या असतात.

येथे एक जुनी समजूत आड येते. गाडीवर भार अधिक, घाट रोजचा, तेव्हा तेल जाड असलेले बरे, असे पुष्कळांना वाटते. वंगणाच्या नळ्याची आठवण त्यामागे असावी. बागायतदार कारखान्यात जाऊन म्हणतो,

“मिस्त्री, यंदा घाटाच्या फेऱ्या फार आहेत. जरा जाडच तेल घाला.”

“काका, गाडीची पुस्तिका काय म्हणते?” मिस्त्री विचारतो.

“पुस्तिका कोण वाचतो? ती कप्प्यात आहे.”

मिस्त्रीचा प्रश्न रास्त आहे. बैलगाडीचा आस सावकाश फिरतो, आणि सावकाश फिरणाऱ्या जागी घट्ट वंगणच टिकते. इंजिनात वेग फार आहे. तेथे थराला आधार वेगाकडूनही मिळतो. जरुरीपेक्षा जाड तेल घातले, तर ते घुसळण्यात अधिक उष्णता निर्माण होते, डिझेल अधिक जळते आणि लांबच्या धारव्यांना तेल उशिरा पोहोचते. लाखो किलोमीटर चाललेल्या, आतून सैल झालेल्या एखाद्या जुन्या इंजिनाला थोडे जाड तेल मानवते, ही गोष्ट नाकारता येत नाही. काही पुस्तिकांत अतिशय उष्ण प्रदेशासाठी निराळा क्रमांक दिलेलाही असतो. परंतु तो निर्णय पुस्तिका पाहूनच व्हावा. ज्याने धारव्यातील फट मायक्रॉनच्या हिशेबाने ठेवली, त्याला त्या फटीत कोणते तेल बसेल हे इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते.

क्रमांक जुळला म्हणजे तेल जुळले असे मात्र नव्हे. पुष्कळ लोक येथेच फसतात. एकाच क्रमांकाची दोन तेले गुणाने अगदी वेगळी असू शकतात. म्हणून डब्यावर दुसरीही एक खूण असते. ही अक्षरे अमेरिकेतील पेट्रोलियम संस्थेने ठरविलेली आहेत. एस या अक्षराने सुरू होणारे वर्ग मुख्यतः पेट्रोलच्या इंजिनांसाठी, आणि सी या अक्षराने सुरू होणारे वर्ग डिझेलच्या इंजिनांसाठी. डिझेलच्या वर्गांत सीएच-४ हा १९९८ सालचा, सीआय-४ हा २००२ सालचा आणि सीके-४ हा २०१६ सालचा. अक्षर जितके पुढचे, तितकी त्या तेलाची परीक्षा अलीकडची आणि कडक.

डिझेलसाठी निराळे वर्ग कशाला हवेत? डिझेल जळताना काजळी फार होते. तिचा काही भाग दट्ट्याच्या कड्यांजवळून निसटून तेलात उतरतो. कण सुटे असतात तोवर ते निरुपद्रवी असतात. पण ते एकत्र जमले की त्यांचा गाळ होतो आणि बारीक वाटा तुंबतात. शिवाय जळणातून अल्पस्वल्प आम्लेही उत्पन्न होतात आणि ती धातू खातात. म्हणून डिझेलच्या तेलात मळ धुणारी, काजळीचे कण एकमेकांपासून दूर ठेवणारी आणि आम्ल मारणारी द्रव्ये भरपूर घालावी लागतात. नवे तेल घातल्यावर थोड्याच दिवसांत डिझेलच्या इंजिनातील तेल काळे पडते आणि मालकाला वाटते, तेल खराब निघाले. वस्तुतः ते काळे पडले याचा अर्थ ते आपले काम करीत आहे असा आहे. काजळी भिंतींना न चिकटता तेलात तरंगत राहिली आहे. केवळ रंगावरून तेलाची परीक्षा करू नये.

१ एप्रिल २०२० पासून भारतात भारत स्टेज–६ हे धुराविषयीचे नियम लागू झाले आणि तेलाच्या निवडीत आणखी एक बाब आली. या नियमांनुसार बनलेल्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी एक गाळणी बसविलेली असते. काजळी साचली की गाडी धुराचे तापमान वाढवून ती जाळून टाकते. परंतु इंजिनात थोडे तेलही जळत असते, आणि तेलातील त्या धुणाऱ्या द्रव्यांत धातूंचे अंश असतात. त्यांची राख होते. काजळी जळते, राख पुन्हा जळत नाही. ती गाळणीच्या छिद्रांत साठत राहते आणि शेवटी गाळणी तुंबते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचे तेल लागते. सीके-४ वर्गात राखेचे प्रमाण एका टक्क्याच्या आत ठेवलेले असते. युरोपातील मोटार-कारखानदारांच्या संघटनेने ठरविलेल्या सी-२, सी-३ या वर्गांतही ते असेच थोडे असते. जुन्या पिकअपला वर्षानुवर्षे मानवलेले सीआय-४ तेल नव्या गाडीत घातले, तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. इंजिन उत्तम चालते. काही महिन्यांनी मात्र गाडी ओढेनाशी होते, समोर दिवा लागतो आणि गाळणीचे खर्चाचे काम निघते. तेलावर वाचविलेल्या शेकड्यांचा हिशेब तेथे हजारांनी चुकता होतो.

तेव्हा दुकानात जाताना तीन गोष्टी माहीत असाव्यात: पुस्तिकेतील क्रमांक, पुस्तिकेतील वर्ग आणि किती लिटर तेल लागते ते. तेलाच्या डब्यावरील चित्र, सोनेरी अक्षरे किंवा दुकानदाराची शिफारस ही त्यानंतरची. डबा मोहरबंद असावा. सुट्या तेलाच्या पिंपात काय आहे हे त्या पिंपालाच ठाऊक. मळलेले तेल नुसते गाळून, रंग उजळवून नव्या डब्यात भरून विकणारे लोकही असतात. म्हणून रिकामे डबे टाकून देण्यापूर्वी त्यांना भोक पाडावे असे जाणते मिस्त्री सांगतात.

वनस्पतींचे तेल आज मोटारीत का वापरीत नाहीत, असा प्रश्न कोणाला पडेल. एके काळी ते वापरीतही असत. पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांची इंजिने एरंडेलावर चालत. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजासहजी मिसळत नाही आणि उष्णतेतही पुरेसे घट्ट राहते, हे त्याचे गुण. वैमानिकाच्या नाकातोंडात त्याचा फवारा जाई आणि त्याचे पोट बिघडे, तो भाग निराळा! परंतु एरंडेल फार काळ तापत राहिले की चिकट होते आणि राळेसारखे थर धरते. खनिज तेलापासून काढलेली वंगणे अधिक काळ टिकतात, आणि ज्यांचे रेणू रासायनिक क्रियेने हवे तसे जुळविलेले असतात ती कृत्रिम तेले त्याहूनही अधिक काळ. कृत्रिम तेल महाग असते. पुस्तिकेने ते मागितले असेल तर घालावेच. मागितले नसेल तर साध्या तेलाने वेळच्या वेळी काम भागते.

योग्य तेल घातल्यावर ते पुरेसे आहे की नाही हे पाहावे लागते. त्यासाठी इंजिनात एक लांब पट्टी खोचलेली असते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून पट्टी काढावी, पुसावी, पुन्हा घालावी आणि मग पाहावी. तेलाची रेघ दोन खुणांच्या मध्ये असावी. खालच्या खुणेखाली ती गेली, तर चढावर किंवा वळणावर पंपाच्या तोंडी तेलाऐवजी हवा येते. वरच्या खुणेवरही ती जाऊ देऊ नये. फिरता भुजादंड तेलात बुडून ते ताकासारखे घुसळतो, त्यात फेस होतो, आणि फेसाने थर धरत नाही. नव्या गाड्यांत तर कधी कधी तेल न घालताच पातळी वाढलेली दिसते! धुराची गाळणी साफ करताना जे जादा डिझेल सोडले जाते, त्यातील काही तेलात झिरपल्याने असे होते. ते तेल पातळ झालेले असते आणि ते बदलणेच योग्य.

किल्ली फिरविताच चालकासमोर तेलाच्या झारीच्या आकाराचा एक तांबडा दिवा लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. तो चालत्या गाडीत पुन्हा लागला, तर वाटांतील तेलाचा दाब गेला असे समजावे. आंबा घाटाच्या मध्यावर, पाठीमागे गाड्यांची रांग असताना, हा दिवा लागला तर “वरच्या गावापर्यंत नेऊ, तेथे पाहू” असे चालकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु थर नाहीसा झालेला भुजादंड त्या चार-पाच किलोमीटरांत धारव्यांचा मऊ धातू वितळवून टाकतो. ज्याने तेथेच कडेला गाडी थांबविली, त्याचे काही पेट्या आंब्यांचे नुकसान होते. जो पुढे गेला, त्याचे आंबे जातात आणि इंजिनही जाते.

ठरलेले किलोमीटर पूर्ण झाले की तेल आणि गाळणी दोन्ही बदलावी लागतात. हे अंतर प्रत्येक गाडीचे निरनिराळे असते. धूळ, अवजड भार आणि घाट यांची वाट रोजची असेल, तर पुस्तिकेतच ते कमी करून दिलेले असते. काढलेले तेल उकिरड्यावर किंवा ओढ्यात ओतण्याची चाल अद्याप पुष्कळ ठिकाणी आहे, आणि ती फार वाईट. हे तेल पाण्यावर तवंग धरते, जमिनीत मुरून विहिरीपर्यंत जाते. त्यात जड धातूंचे कण आणि आरोग्याला घातक अशी द्रव्येही असतात. तेलाने भरलेले हात साबणाने धुवावेत. वाळवी लागू नये म्हणून हे तेल खांबांना चोपडतात, तेही टाळावे.

खरे पाहता इंजिनातून काढलेले तेल संपलेले नसते. त्यात मिसळलेली द्रव्ये खर्ची पडलेली असतात आणि त्यात काजळी, पाणी व डिझेल मिसळलेले असते. परंतु मूळ तेलाचा बराचसा भाग तसाच असतो. मिस्त्री ते पिंपात साठवितो आणि परवाना असलेला व्यापारी ते घेऊन जातो. कारखान्यात ते तापवून त्यातील पाणी व डिझेल उडवून लावतात, निर्वात भांड्यात त्याचे ऊर्ध्वपातन करतात आणि गाळ मागे ठेवून स्वच्छ तेल वेगळे काढतात. त्यात नवी द्रव्ये घातली की ते पुन्हा डब्यात भरले जाते, आणि डब्यावर पुन्हा तोच क्रमांक व तीच अक्षरे उमटतात.